अदृश्य विमान : महानायिकेची कल्पना आणि पदार्थविज्ञानाच्या मर्यादा

प्रास्ताविक

विज्ञान शाखेच्या वर्गात प्रकाशाचे अपवर्तन शिकविले जात असताना एखादा विद्यार्थी हमखास विचारतो की, अदृश्य करणारे वस्त्र शास्त्रज्ञांनी तयार केल्याची बातमी वाचली, ती खरी काय? २००६ सालापासून हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पानांवरून वर्गात अधूनमधून येत राहिला आहे. त्याला दोन सोपी उत्तरे दिली जातात. हे सारे कपोलकल्पित आहे, हे एक. आणि प्रयोगशाळेत ते सिद्ध झाले आहे, हे दुसरे. दोन्ही उत्तरे विद्यार्थ्याची दिशाभूल करणारी आहेत, कारण दोन्हींत एक प्रश्न विचारावयाचाच राहून जातो : अदृश्य, पण कोणाला? डोळ्याला, रडारला, की उष्णतेचा वेध घेणाऱ्या उपकरणाला? कोणत्या तरंगलांबीला आणि कोणत्या दिशेने पाहणाऱ्याला?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ‘वंडर वुमन’ या चित्रकथेतील महानायिकेच्या अदृश्य विमानाच्या आधारे केला आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, या विमानाकडून लेखकाने सर्वाधिक अपेक्षा केली आहे. ते उडते, वेगाने जाते, माणसे वाहून नेते आणि तरीही कोणालाच, कोठूनही दिसत नाही. अशा टोकाच्या कल्पनेची तपासणी करताना निसर्गनियम नेमके कोठे आडवे येतात आणि कोठे वाट देतात, ते स्पष्ट होते.

कल्पनेतील विमान

वंडर वुमन हे पात्र विल्यम मौल्टन मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने निर्माण केले आणि एच. जी. पीटर या चित्रकाराने ते रेखाटले. १९४१ च्या अखेरीस ही नायिका वाचकांसमोर आली आणि १९४२ च्या आरंभी ‘सेन्सेशन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तिचे विमानही आले. प्रारंभी ते पंख्याचे विमान होते, पुढे काळानुसार ते जेट झाले. चित्रकारापुढील अडचण सहज लक्षात येईल. जे दिसत नाही ते काढावयाचे कसे? त्याने विमानाची फक्त बाह्यरेषा काढली आणि नायिका आकाशात अधांतरी बसलेली दाखविली.

या चित्रपद्धतीत पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने दोन वेगळ्या कल्पना एकत्र मिसळल्या आहेत. आत बसलेली व्यक्ती बाहेरून दिसत असेल तर विमान ‘पारदर्शक’ आहे, म्हणजे प्रकाश त्याच्या आरपार जातो. उलट विमान आतील माणसांसह दिसेनासे होत असेल तर प्रकाश त्याला ‘वळसा घालून’ जात असला पाहिजे. या दोन युक्त्यांचे गणित आणि त्यांच्या मर्यादा सर्वस्वी भिन्न आहेत. २०२० सालच्या ‘वंडर वुमन १९८४’ या चित्रपटात तर तिसरीच गंमत आहे. रडारवर आपण सापडू या भीतीने नायिका आपल्या शक्तीने जेट विमान दृष्टीआड करते. वस्तुतः डोळ्यांना न दिसणारे विमान रडारच्या पडद्यावर खुशाल दिसू शकते.

पारदर्शक विमान

पारदर्शक विमानाची कल्पना केवळ चित्रकथेत राहिलेली नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीमध्ये काही विमानांच्या सांगाड्यावर कापडाऐवजी ‘सेलॉन’ या सेल्युलोज ॲसिटेटपासून बनविलेल्या पारदर्शक पत्र्याचे आवरण घालून पाहण्यात आले. लिंके-हॉफमान कंपनीच्या प्रचंड बाँबफेकी विमानाच्या मागील भागालाही असे आवरण होते. अनुभव अपेक्षेच्या उलट आला. ऊन पडताच सेलॉनचा पृष्ठभाग आरशासारखा चमके आणि विमान अधिकच नजरेत भरे. शिवाय हवामानानुसार ते आवरण ताणले जाई किंवा सैल पडे, ते वेगळेच.

यामागील कारण पदवीच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातले आहे. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांत फरक असला की सीमेवर काही प्रकाश परत फिरतोच. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ १ आणि काचेचा किंवा तत्सम प्लॅस्टिकचा सुमारे १.५ धरला, तर लंबरूप पडणाऱ्या प्रकाशाचा ४ टक्के भाग प्रत्येक पृष्ठभागावरून परावर्तित होतो. विमानाच्या दोन बाजू, त्यांचे अंतर्बाह्य पृष्ठभाग आणि मधला एखादा पडदा असे आठ पृष्ठभाग धरले तर ०.९६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ७२ टक्केच प्रकाश थेट पलीकडे पोहोचतो. तिरप्या कोनात नुकसान आणखी वाढते. हे टाळावयाचे तर विमान अशा द्रव्याचे हवे की ज्याचा अपवर्तनांक सर्व रंगांसाठी हवेइतकाच असेल. एच. जी. वेल्स यांनी १८९७ मध्ये आपल्या ‘अदृश्य मानवा’साठी हाच मार्ग कल्पिला होता. मात्र इतके भार पेलू शकणारे घनद्रव्य म्हणजे दाटीवाटीने बांधलेल्या अणूंची रचना. आणि अणूंची दाटी झाली की प्रकाशाला तिची दखल घ्यावीच लागते. भक्कमपणा आणि हवेसारखा अपवर्तनांक ही दोन मागणी एकाच पदार्थाकडे करणे म्हणजे लोखंडाने वाफेसारखे वागावे असे म्हणण्यासारखे आहे. इंजिन, इंधन आणि वैमानिकाचे शरीर यांचे काय, हा प्रश्न तर उरतोच.

प्रकाशाला वळसा

म्हणून लक्ष दुसऱ्या युक्तीकडे वळते. नदीच्या पात्रातील गोट्याभोवती पाणी विभागते, पुन्हा एकत्र येते आणि काही अंतर गेल्यावर गोट्याची खूणही राहत नाही. प्रकाशाच्या बाबतीत हे घडवून आणता येईल काय? २००६ मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधील जॉन पेंड्री यांनी डेव्हिड शुरिग आणि डेव्हिड स्मिथ यांच्यासह, तसेच स्वतंत्रपणे उल्फ लिओनहार्ट यांनी, त्यासाठी आवरणाचे विद्युत् आणि चुंबकीय गुणधर्म बिंदूगणिक कसे बदलावे लागतील ते गणिताने दाखवून दिले. तसे गुणधर्म निसर्गातील द्रव्यांत आढळत नाहीत. ते रचनेतून निर्माण करावे लागतात. तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान अशा धातूच्या कड्या, तारा यांची नियमित मांडणी केली की तरंगाला त्या वेगवेगळ्या न भासता एकसंध द्रव्य भासते. अशा रचनेस मेटामटेरियल असे म्हणतात.

येथे एका महाविद्यालयीन अध्यापकाचा उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकविणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये तागाच्या पिळलेल्या जुड्यांतून सूक्ष्मतरंग पाठविले आणि त्या तरंगांचे ध्रुवणप्रतल फिरते हे दाखविले. तागाच्या द्रव्यात नव्हे, तर त्याच्या पिळात तो गुण होता. द्रव्यापेक्षा रचना महत्त्वाची, हे मेटामटेरियलचे मूलतत्त्व त्या प्रयोगात स्वच्छ दिसते आणि या विषयाच्या इतिहासात त्याची नोंद आवर्जून घेतली जाते.

२००६ च्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पहिले आवरण प्रत्यक्षात आले. बातमी झाली ती याच प्रयोगाची. तेव्हा नेमके काय झाकले गेले होते? सुमारे ५ सें.मी. व्यासाचे तांब्याचे वृत्तचितीसारखे तुकडे. त्याभोवती दहा एककेंद्री कडी होती आणि त्यांवर तांब्याच्या सूक्ष्म खंडित कड्या छापलेल्या होत्या. ते झाकले गेले ८.५ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या, म्हणजे सुमारे ३.५ सें.मी. तरंगलांबीच्या सूक्ष्मतरंगांपासून, तेही एकाच प्रतलात, एकाच ध्रुवणासाठी. थोडे परावर्तन आणि अंधूक सावली तरीही उरली होती. डोळ्याला तर ती सर्व सामग्री टेबलावर लख्ख दिसत होती. यात प्रयोगाचे मोठेपण यत्किंचित कमी होत नाही. कमी पडली ती बातमी.

हेच आवरण विमानाएवढे मोठे आणि दृश्य प्रकाशासाठी का करता येऊ नये, असा प्रश्न विद्यार्थी पुढे विचारतो. पहिली अडचण बारकाव्याची आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रोमीटर. म्हणून रचनेचा प्रत्येक घटक ०.१ मायक्रोमीटरहून मोठा असता कामा नये. विमानाचा पृष्ठभाग १०० चौरस मीटर धरला तरी केवळ एका थरात १ वर १६ शून्ये इतके घटक बसवावे लागतील. धातू दृश्य प्रकाश शोषून घेतात, हीदेखील अडचणच. तथापि या दोन्ही कारागिरीच्या अडचणी आहेत आणि कारागिरीविषयी ‘कधीच नाही’ असे विधान करू नये.

तिसरी अडचण वेगळ्या जातीची आहे. ती निसर्गनियमाची आहे. ‘र’ त्रिज्येच्या गोलाला अगदी चिकटून अर्धा वळसा घालणाऱ्या किरणाला ३.१४ र इतके अंतर तोडावे लागते. गोल नसता तर ते अंतर २ र एवढेच असते. वळसा घालून आलेला प्रकाश सरळ आलेल्या शेजारच्या प्रकाशाच्या बरोबरीने बाहेर पडला पाहिजे, नाही तर तरंगाग्र मोडते आणि चाणाक्ष निरीक्षकाला त्यात काहीतरी लपल्याचे कळते. म्हणजे त्या किरणाने प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे १.५७ पट वेगाने गेले पाहिजे. एकाच शुद्ध वारंवारतेच्या अखंड तरंगाच्या बाबतीत त्याच्या शिखरांचा वेग इतका असू शकतो. सापेक्षतावाद त्याला मनाई करीत नाही. मात्र त्या वेगाने कोणताही संकेत, कोणताही बदल जाऊ शकत नाही. परिणामी आवरण एका अरुंद वारंवारता-पट्ट्यातच काम करते आणि वस्तू तरंगलांबीच्या तुलनेत जितकी मोठी, तितका हा पट्टा अधिकाधिक अरुंद होत जातो. ड्यूकच्या प्रयोगात वस्तू जेमतेम तरंगलांबीएवढी होती. १५ मीटर लांबीचे विमान दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या ३ कोटी पट मोठे आहे. सूर्यप्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंग असतात. त्यांपैकी एखाद्या रंगात विमान नाहीसे झालेच, तर बाकीच्या रंगांत ते आवरणासह एखाद्या रंगीत ठिपक्याप्रमाणे आकाशात झळकेल. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटातील अदृश्य नायक तांबड्या प्रकाशात मात्र दिसू लागतो. कथेच्या सोयीसाठी योजलेली ती युक्ती पदार्थविज्ञानाला वंडर वुमनच्या विमानापेक्षा अधिक मानवणारी आहे, असे म्हणावे लागते.

या वेगमर्यादेतून सुटण्याच्या वाटाही शोधल्या गेल्या आहेत. आरशासारख्या पृष्ठभागावरील उंचवट्याखाली वस्तू ठेवावयाची आणि तो उंचवटा सपाट भासवावयाचा, ही ‘गालिचा-आवरणा’ची कल्पना २००८ मध्ये मांडली गेली. २०११ मध्ये कॅल्साइटच्या स्फटिकांच्या साहाय्याने दृश्य प्रकाशात, एका ध्रुवणासाठी, अशा रीतीने छोट्या वस्तू झाकता आल्या. २०१४ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथील संशोधकांनी दुधाळ पाण्यासारख्या, प्रकाश विखुरणाऱ्या माध्यमात वस्तू झाकून दाखविली. अशा माध्यमात प्रकाश वाट चुकत, अडखळत जातो, त्यामुळे वळसा घालणाऱ्याला शर्यत जिंकणे सोपे जाते. तात्पर्य, वंडर वुमनने दाट धुक्यात किंवा ढगात विमान न्यावे, तेथे विज्ञान तिच्या बाजूचे आहे. अर्थात दाट ढगात विमान तसेही कोणाला दिसत नाही!

आणखी एक गोष्ट. प्रकाश पूर्णपणे वळविला गेला तर तो आत पोहोचत नाही. बाहेरच्यांना विमान दिसणार नाही आणि वैमानिकाला बाहेरचे जग दिसणार नाही.

पार्श्वभूमीचे चित्र

प्रकाश वळविण्याऐवजी पलीकडचे दृश्य अलीकडच्या बाजूवर उमटविता येईल. २०१२ च्या ‘द ॲव्हेंजर्स’ या चित्रपटातील उडती विमानवाहू नौका ‘रेट्रो-रिफ्लेक्शन’ पडद्यांनी अशीच दिसेनाशी होते. हे नाव मात्र फसवे आहे. रेट्रो-रिफ्लेक्शन म्हणजे प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठविणे. रस्त्याच्या कडेचे चमकते खांब रात्री वाहनचालकाला दिसावेत म्हणून हाच गुण वापरतात. टोकियो विद्यापीठातील सुसुमू ताची यांनी २००३ च्या सुमारास अशा पदार्थाचा अंगरखा दाखविला होता. परंतु त्यात पार्श्वभूमीचे चित्र प्रक्षेपकाने अंगरख्यावर टाकलेले असे आणि भास केवळ प्रक्षेपकाच्या जागेवरून पाहणाऱ्यालाच होई. आकाशातील विमानाकडे अनेक जण अनेक ठिकाणांहून पाहत असतात. प्रत्येकाच्या दृष्टिरेषेमागील आकाश वेगळे, म्हणून पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूने प्रत्येक दिशेला वेगळा किरण पाठविला पाहिजे. शिवाय निरभ्र आकाशाची दीप्ती दर चौरस मीटरला काही हजार कँडेला असते. संगणकाचे नेहमीचे पडदे काहीशे कँडेलांपर्यंत जातात.

तथापि अपेक्षा कमी केली की हीच कल्पना कामी येते, याचा एक सुंदर पुरावा वंडर वुमनच्या जन्मकाळातलाच आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या टेहळणी विमान दुरून पाहून बुडी मारीत. विमानाला पांढरा रंग दिला तरी आकाशाच्या पार्श्वभूमीवर ते काळेच दिसते, कारण आपल्याकडे असलेली त्याची बाजू सावलीत असते. अमेरिकेत १९४३ पासून ‘येहुदी’ या सांकेतिक नावाने चाललेल्या प्रकल्पात विमानाच्या पुढील कडांवर दिवे बसविण्यात आले आणि त्यांची दीप्ती मागील आकाशाइतकी ठेवण्यात आली. एरवी सुमारे १२ मैलांवरून दिसणारे विमान चाचणीत सुमारे २ मैलांवर येईपर्यंत नजरेस पडले नाही. लपण्यासाठी दिवे लावावयाचे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगून पाहावी; प्रकाशाचा कमी-अधिकपणा म्हणजे काय, ते पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर उमगते. हा प्रकल्प फार काळ उपयोगी राहिला नाही, कारण पहारा डोळ्याकडून रडारकडे गेला होता.

रडारपुढील विमान

रडारचा तरंग लक्ष्यापर्यंत जाताना अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो आणि परत येताना पुन्हा तितकाच. त्यामुळे परत आलेली शक्ती अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते आणि लक्ष्य सापडण्याचे अंतर त्याच्या ‘रडार छेदक्षेत्रा’च्या चौथ्या मुळानुसार बदलते. याचा व्यावहारिक अर्थ कठोर आहे. छेदक्षेत्र निम्मे केले तर सापडण्याचे अंतर केवळ १६ टक्क्यांनी घटते. ते दशांशावर आणावयाचे असेल, म्हणजे ३०० किलोमीटरवरून सापडणारे विमान ३० किलोमीटरवर येईपर्यंत लपवावयाचे असेल, तर छेदक्षेत्र दहा हजारावा हिस्सा करावे लागते. किरकोळ सुधारणांनी येथे काहीच साधत नाही.

ही मजल मुख्यतः आकाराने गाठली. तरंग शोषून घेण्यापेक्षा तो भलत्या दिशेला पाठविणे अधिक परिणामकारक ठरते. दोन पृष्ठभाग काटकोनात भेटले की तो कोपरा तरंगाला आल्या वाटेने परत धाडतो. छोट्या होड्या मोठ्या जहाजांच्या रडारला दिसाव्यात म्हणून डोलकाठीवर असे कोपरे मुद्दाम टांगतात. अदृश्य होऊ पाहणाऱ्या विमानाला ते कटाक्षाने टाळावे लागतात. कडांवरून होणारे विवर्तन मोजण्याची रीत सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिमत्सेव यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे इंग्रजी भाषांतर लॉकहीड कंपनीतील डेनिस ओव्हरहोल्सर यांच्या हाती पडले आणि त्यातून आकाराचे गणित करणारी संगणक-आज्ञावली तयार झाली. त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचे गणित झेपत नसे. म्हणून १९८१ मध्ये प्रथम उडालेले एफ-११७ हे विमान हिऱ्याला पैलू पाडावेत तसे सपाट तुकड्यांचे झाले. सोव्हिएत संघात उघडपणे छापलेल्या पुस्तकातून अमेरिकेचे सर्वांत गुप्त विमान जन्मले, हा योगायोग विद्याव्यवहारातील मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पण हे विमानही अदृश्य नव्हते. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात एक एफ-११७ जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडले गेले, वैमानिक बचावला. क्षेपणास्त्र-यंत्रणा १९६० च्या दशकातील मूळ आराखड्याची होती आणि टेहळणीचे रडार सुमारे २ मीटर तरंगलांबीचे. पैलूंची युक्ती काही सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारसाठी योजलेली होती. शेपटीसारखे भाग तरंगलांबीच्या जवळपास मापाचे झाले की ते आकाराच्या युक्तीला न जुमानता अनुनादाने तरंग विखुरतात. शोषक लेपाची जाडीही साधारणतः तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी लागते : ३ सें.मी. तरंगासाठी १ सें.मी.हून कमी, पण २ मीटरसाठी अर्धा मीटर. एवढा लेप घेऊन कोणते विमान उडेल? अर्थात त्या रात्री केवळ भौतिकी कामी आली नाही. त्याच त्या मार्गांनी होणारी उड्डाणे आणि जमिनीवरील तुकडीची शिस्त यांचाही त्यात वाटा होता. विमान अदृश्य आहे असे मानून मार्ग न बदलणे आणि आवरणाची बातमी वाचून वस्त्र तयार झाले असे मानणे, या दोन्हींतील चूक एकच आहे.

उष्णता, वारा आणि आवाज

समजा, दृश्य प्रकाश आणि रडार या दोन्हींपासून विमान सुटले. तरीही त्याला तापमान आहे. ३०० केल्व्हिन तापमानाचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट ऊर्जा अवरक्त तरंगांच्या रूपात बाहेर टाकतो. इंजिनातून निघणारे वायू तर याहून कितीतरी तप्त असतात. ही ऊर्जा अडवून ठेवली तर आतील माणसे भाजून निघतील. बाहेर सोडली तर ती दिसेल. ती कोणत्या दिशेने व किती पसरून सोडावी, एवढेच हाती आहे. एफ-११७ मध्ये त्यासाठी धूर बाहेर पडण्याच्या वाटा रुंद, चपट्या आणि वरच्या बाजूला ठेवल्या होत्या. २०११ मध्ये बीएई सिस्टिम्सने रणगाड्यावर तापमान बदलू शकणाऱ्या षट्कोनी फरशा बसवून अवरक्त कॅमेऱ्यात तो रणगाडा मोटारीसारखा दिसेल असे करून दाखविले. लपणे जमत नसेल तर वेषांतर करावे, अशी ही तडजोड आहे.

हवेलाही चुकविता येत नाही. १० टन वजनाचे विमान हवेत राहते ते सतत हवा खाली ढकलूनच. मागे उरलेले भोवरे विमानतळांवर लेसरच्या साहाय्याने टिपता येतात. उंचावर थंड हवेत धुराची पांढरी रेघ उमटते आणि ध्वनीपेक्षा वेगाने गेल्यास गडगडाट ऐकू येतो.

या सर्व तपासणीनंतर ‘बॅटमॅन बिगिन्स’ या २००५ च्या चित्रपटातील ‘टंबलर’ या गाडीकडे पाहिले तर ती फारच साधी वाटते. पोलिसांच्या पाठलागातून सुटताना नायक गाडीचे दिवे मालवितो आणि इंजिनाचा आवाज शांत करतो. गाडी काळी आहेच. तरंगाग्र नाही, मेटामटेरियल नाही. अंधारात डोळ्यांनी शोधणाऱ्या आणि कानांनी मागोवा घेणाऱ्या पोलिसांपुरती ती नाहीशी होते. चित्रपटातील पोलिसांनी हेलिकॉप्टरवरील अवरक्त कॅमेरा तिच्यावर रोखला असता, तर थंड रस्त्यावर तापलेले इंजिन आणि घासलेले टायर त्यांना पांढरेशुभ्र दिसले असते.